खिशात मावणारं पिस्तूल हवंय? आधी परवान्याचं बघा

लहानसं, हलकं, शर्टाखाली दिसणार नाही असं पिस्तूल कोणतं घ्यावं, असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या हातात परवाना नसतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. आपल्याकडे हत्यार आधी पसंत करून मग त्याचा परवाना काढायची सोय नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना आधी. हत्याराचा प्रकार आणि बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) परवान्यावरच लिहिलेले असतात आणि विक्रेता त्याबाहेरचं काही देऊ शकत नाही.

परदेशी व्हिडिओ बघून ९ मिमीचं मॉडेल मनात धरलं असेल तर ते विसरा. ते आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं आणि त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. सामान्य अर्जदाराला मिळू शकतं ते अप्रतिबंधित बोअरचं हत्यार, म्हणजे व्यवहारात .३२ किंवा .२२.

पात्रतेच्या अटी थोडक्यात अशा. वय २१ पूर्ण हवं. हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यावरही पाच वर्षं दार बंद. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्यावा लागला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. मानसिक स्वास्थ्य ठीक नसेल तर परवाना नाही. नावावर जमीनजुमला नाही एवढ्या एकाच कारणावरून मात्र अर्ज नाकारता येत नाही, हे कायद्यातच आहे. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

खरा कस लागतो तो 'कारण' या रकान्यात. परवाना हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, त्यामुळे गरज पटवून द्यावी लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांत दोन वाटा दिसतात: जिवाला गंभीर धोका असणं, किंवा धंदा-व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीव आणि मालमत्तेच्या रक्षणाची खरी निकड असणं. 'स्वसंरक्षणासाठी' हा एक शब्द लिहून अर्ज देणाऱ्यांचं काय होतं ते सांगायला नको. सराफ असाल तर दुकान किती वाजता बंद करता, माल कोण आणि कुठून नेतो, आधी काही प्रकार घडलाय का, ते लिहा. धमकी आली असेल तर तक्रारीची किंवा एफआयआरची प्रत जोडा. आयकर विवरणपत्र आणि व्यवसायाचा दाखला मागतात तो तुमची श्रीमंती मोजायला नाही, तुम्ही सांगताय तो धंदा खरंच आहे का हे बघायला. आणि कारण प्रतिष्ठेचंच असेल, लग्नात कमरेला दिसावं म्हणून, तर अर्जाची मेहनत वाचवा.

अर्ज व्यक्तीसाठी नमुना ए-१ मध्ये करायचा. माहिती शस्त्र परवान्यांच्या केंद्रीय पोर्टलवर भरायची, प्रिंट काढून सही करायची आणि कागदांसह कार्यालयात द्यायची. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टर कचेरीत. सोबत लागतं ते असं: पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, शारीरिक-मानसिक आरोग्याबद्दल डॉक्टरांचं प्रमाणपत्र (नमुना एस-३), शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (एस-१), आणि हत्यार घरात नीट कुलुपात ठेवीन असं हमीपत्र. प्रशिक्षणाचा कागद शेवटच्या आठवड्यात मिळवायला जाऊ नका, बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

मग पोलिसांची चौकशी. ठाण्यात बोलावणं येतं, घरी येऊन बघतात, शेजाऱ्यांना विचारतात. एखादा जुना, सुटलेला किंवा तडजोडीत मिटलेला खटला असेल तर स्वतःहून सांगा. तो सापडतोच, आणि लपवल्याचं मत खटल्यापेक्षा वाईट पडतं. नियमांप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ६० दिवसांत परवाना अधिकाऱ्यांनी निर्णय घ्यायचा. कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात धीर धरा. अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न बघता निर्णय घ्यायची मुभा अधिकाऱ्यांना आहे, तेव्हा नम्र स्मरणपत्र द्यायला हरकत नाही. नकार आला तर लेखी कारणं मागा आणि अपिलाची मुदत चुकवू नका. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे जातं.

परवाना हातात आला की मग हत्याराची निवड. रिव्हॉल्वर जाडजूड असतं, पण समजायला सोपं: चक्रात बहुधा सहा गोळ्या, अडकण्याची भीती कमी. पिस्तूल चपटं, म्हणून अंगावर कमी जाणवतं. मात्र स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचायला बोटांत जोर लागतो आणि सराव सुटला की चुका होतात. कानपूरचं 'निर्भीक' हे .३२ रिव्हॉल्वर २०१४ मध्ये आलं, वजन सुमारे ५०० ग्रॅम. .२२ चं 'निडर' साधारण २५० ग्रॅमचं. हलकं म्हणजे चांगलं असा हिशोब करू नका, कारण हलकं हत्यार हाताला जास्त झटका देतं. दुकानदाराच्या देखरेखीखाली रिकामं हत्यार हातात धरून बघा, ट्रिगरपर्यंत बोट नीट पोचतं का ते पाहा. आणखी एक: .३२ रिव्हॉल्वरची आणि .३२ पिस्तुलाची काडतुसं वेगळी असतात, बोअरचा आकडा सारखा दिसला तरी.

आता 'खिशात' या शब्दाकडे येऊ. सार्वजनिक जागी हत्यार नुसतं पँटच्या खिशात टाकून फिरणं नियमात बसत नाही. ते होल्स्टरमध्ये (हत्यार ठेवायच्या म्यानात) किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. नियम जाचक वाटतो, पण किल्ल्या आणि सुट्टे पैसे असलेल्या खिशात उघडा ट्रिगर म्हणजे स्वतःच्याच मांडीवर नेम धरणं. परवाना जवळ ठेवा, पोलिसांनी मागितला तर दाखवावा लागतो. लग्न, जत्रा, सभा इथे हत्यार नेऊ नका. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी द्या, कारण मुदत संपलेल्या परवान्यावर हत्यार बाळगणं हे विनापरवाना बाळगण्यासारखंच धरलं जाऊ शकतं. हत्यार हरवलं किंवा चोरीला गेलं तर लगेच ठाण्यात कळवा. निवडणुकीच्या काळात ते जमा करायचा आदेश आला तर मुकाट्याने जमा करा आणि पावती घ्या. परत आणायला जाल तेव्हा आधी तीच मागतात.