फिश फाइंडर चालू होत नाही? नुसता डिस्प्ले काढून आणू नका

"बटण दाबलं तरी स्क्रीन काळीच. बॅटरी फुल आहे, मी मीटर लावून बघितलंय." मासेमारीचा हंगाम सुरू झाला की फिश फाइंडरबद्दल, म्हणजे बोटीखालचे मासे स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, हे वाक्य आमच्या कानावर सतत पडतं. मग ग्राहक डिस्प्ले ब्रॅकेटमधून काढून आमच्याकडे घेऊन येतात आणि पॉवर केबल बोटीतच राहते. आम्ही दुकानातली केबल जोडतो, यंत्र लगेच सुरू होतं. ग्राहक खूश होऊन जातात, बोटीवर लावतात, आणि स्क्रीन पुन्हा काळी! तुमची खेप फुकट, आमचाही वेळ गेला. बिघाड बोटीवरच राहून गेलेला असतो, बहुतेक वेळा केबलमध्ये किंवा फ्यूजच्या घरात.

मग मीटरवर 12.6 व्होल्ट कसे दिसतात? मल्टिमीटर करंट जवळपास ओढतच नाही. त्यामुळे वायरच्या सगळ्या तारा तुटून एखादीच शिल्लक असली, तरी मीटरला व्होल्टेज पूर्ण दिसतं. यंत्र सुरू होताना खरा करंट मागतं, तेव्हा त्या कमजोर जोडावरच व्होल्टेज पडतं. 12 व्होल्टची बहुतेक यंत्रं साधारण 10 व्होल्टच्या खाली सुरूच होत नाहीत, किंवा लोगो दाखवून मान टाकतात.

म्हणून व्होल्टेज मोजायचं ते लोड टाकून. गाडीचा 12 व्होल्ट, 10 वॅटचा साधा बल्ब घ्या, एलईडी नको. हा बल्ब साधारण 0.8 अँपिअर ओढतो, म्हणजे छोट्या फिश फाइंडरच्या जवळपास. डिस्प्लेचा प्लग काढून त्या टोकाला बल्ब जोडा. प्लगमध्ये जोडणं अवघड वाटलं तर त्याच्या अलीकडच्या शेवटच्या जोडावर जोडा. प्लस-मायनस एकमेकांना टेकू देऊ नका. बल्ब पेटलेला असताना तिथलं व्होल्टेज मोजा, मग बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष वायरिंगमध्ये आहे, डिस्प्लेला उगाच बोल लावू नका. बॅटरीवरचंच व्होल्टेज धाडकन उतरलं तर बॅटरी बघा. इंजिन स्टार्ट करतानाच स्क्रीन बंद पडत असेल तर तीही बॅटरीचीच तक्रार समजा. अशा वेळी फिश फाइंडरला वेगळी छोटी बॅटरी देणं उत्तम.

वायरिंगमध्ये पहिला संशय फ्यूजच्या घरावर घ्या. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून "ठीक आहे" म्हणू नका. काचेच्या फ्यूजमधली तार कधी कधी टोपीच्या आत तुटलेली असते. तो बाहेर काढून मीटरने कंटिन्युइटी बघा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोड अखंड आहे का ते. घराच्या आतल्या पत्र्यावर हिरवा कळंक चढला असेल तर घासत बसण्यापेक्षा घरच बदला. आणि कृपा करून फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालू नका. यंत्राच्या पुस्तिकेत जो आकडा दिलाय तोच घाला. त्यानंतर मायनसची वायर. सगळे प्लसच्या मागे लागतात आणि मायनसचा गंजलेला लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) तसाच राहतो.

व्होल्टेज तपासायला वायरच्या आवरणात सुई टोचणाऱ्यांना हात जोडून विनंती, तसं करू नका. त्या भोकातून खारं पाणी आत शिरतं आणि तांबं आतल्या आत काळं पडत जातं. बाहेरून वायर नवीकोरी दिसते. आम्ही पॉवर केबल बनवून देतो तेव्हा कल्हई केलेल्या तांब्याचीच वायर वापरतो आणि जोडावर आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवतो. साध्या वायरपेक्षा महाग पडते, पण खाऱ्या हवेत तीच टिकते. पिळून टेप गुंडाळलेला जोड आम्ही कुणालाही करून देत नाही, आग्रह केला तरी.

केबल निर्दोष निघाली तर थोडी किरकोळ तपासणी बाकी राहते. ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा सेन्सर) आणि मेमरी कार्ड काढून फक्त पॉवरवर यंत्र सुरू होतंय का बघा. बटण दाबल्यावर बीप येतो पण चित्र नाही, असं असेल तर अंधारात स्क्रीन नीट निरखा; ब्राइटनेस शून्यावर गेलेला असू शकतो. लिथियम बॅटरीवर मीटर एकदम शून्य दाखवत असेल तर तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने बॅटरीचा पुरवठा बंद केलेला असू शकतो, आधी योग्य चार्जर लावून बघा. 24 व्होल्टच्या बोटीवर मात्र यंत्राचं लेबल वाचल्याशिवाय काहीच जोडू नका.

केबल तपासल्याशिवाय आम्ही डिस्प्ले उघडत नाही, यावर काही जण नाराज होतात. पण एकदा उघडलेल्या डिस्प्लेचं सील पुन्हा पहिल्यासारखं बसेलच असं नाही, आणि चांगलं यंत्र विनाकारण उघडण्यात तुमचंच नुकसान आहे. तपासणीचे पैसे यंत्र ठीक निघालं तरी आम्ही घेतो, कारण वेळ तितकाच जातो. आमच्याकडून केबल करून घेतलीत तर ते बिलात वळते करतो.

येताना डिस्प्ले, बॅटरीच्या टोकापर्यंतची अख्खी केबल आणि फ्यूजचं घर, तिन्ही आणा. केबल कापू नका, टर्मिनलवरून सोडवा, आणि प्लस कुठली होती त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. बोटीत बसवलेली केबल निघतच नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे बल्ब लावून घेतलेले दोन्ही आकडे लिहून आणा.