चूक नावाचं लगून

मायक्रोनेशियातल्या या बेटसमूहाचं नाव मराठीत लिहायचं म्हणजे पंचाईतच. चूक, पण ‘भूलचूक’मधला नव्हे, ‘चहा’तला च. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात हीच जागा ‘ट्रूक’ या नावाने येते. मधोमध डोंगराळ बेटं, त्यांच्याभोवती शांत पाणी, म्हणजेच लगून, आणि त्या पाण्याला सव्वादोनशे किलोमीटर घेराची प्रवाळभिंत. आत शिरायला मोजक्याच वाटा. आरमार लपवायला याहून बरी जागा पॅसिफिकमध्ये शोधून सापडली नसती.

स्पेनने ही बेटं 1899 साली जर्मनीला विकली. पहिलं महायुद्ध पेटताच, 1914 मध्ये, जपानने ती बळकावली आणि पुढे राष्ट्रसंघानेही त्या ताब्यावर शिक्का मारला. बेटांवर काय चाललंय ते जपान बाहेरच्यांना बघू देत नसे. त्यामुळे ‘पॅसिफिकचं जिब्राल्टर’, म्हणजे अभेद्य सागरी किल्ला, अशी ट्रूकची ख्याती झाली. प्रत्यक्षातली तटबंदी त्या मानाने बरीच लंगडी होती, पण हे अमेरिकेला तेव्हा कुठे माहीत होतं?

4 फेब्रुवारी 1944 रोजी दोन अमेरिकी टेहळणी विमानं वरून फोटो काढून गेली. जपानी दर्यासारंग कोगा यांनी काय ते ओळखलं. 10 तारखेला ‘मुसाशी’ ही अजस्र युद्धनौका तिथून निघाली, जपानी आरमाराचा मुख्य भागही पांगला. मागे राहिली ती मालवाहू जहाजं, तेलवाहू जहाजं आणि काही लहान लढाऊ नौका. 17 आणि 18 फेब्रुवारीला अमेरिकेच्या विमानवाहू नौकांवरून लाटांमागून लाटा आल्या. चाळीसच्या वर जहाजं बुडाली, अडीचशेच्या वर विमानं गेली. मोहिमेचं नाव होतं ‘हेलस्टोन’, म्हणजे गारपीट.

आज तिथे पाण्यात उतरणाऱ्याला काय दिसतं, हे त्या आठवड्याने ठरवलं. बडं आरमार निसटलं, म्हणून तळाशी मुख्यतः सामानाची जहाजं आहेत. ‘फुजिकावा मारू’च्या पोटात सुट्या भागांत ठेवलेली झिरो लढाऊ विमानं आहेत. ‘सान फ्रान्सिस्को मारू’च्या डेकवर छोटे रणगाडे आहेत, आत सुरुंग आणि ट्रक. शिवाय बिअरच्या बाटल्या, कपबश्या, बूट. मला विचाराल तर तोफांपेक्षा ह्या बश्याच जास्त बोलतात. ‘हेइआन मारू’ एका कुशीवर पडली आहे आणि तिचं नाव रोमन आणि जपानी अशा दोन्ही लिपींत अजून वाचता येतं.

यातल्या एका जहाजाचा आपल्याशीही संबंध आहे. 11 नोव्हेंबर 1942 रोजी हिंदी महासागरात ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’ या दोन जपानी सशस्त्र जहाजांनी रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगाल’ आणि तिच्या सोबतचं ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज गाठलं. ‘बेंगाल’ म्हणजे सुरुंग काढणारी चिमुकली नौका, एका लहान तोफेच्या भरवशावर निघालेली. तरीही त्या झटापटीत स्फोट होऊन बुडाली ती ‘होकोकू’. ‘बेंगाल’ आणि ‘ओंडिना’ दोघी तगल्या. ‘आइकोकू’ वाचली आणि सव्वा वर्षाने ट्रूकमध्ये सापडली. तिच्यात दारूगोळा होता, शेकडो सैनिक होते. टॉर्पेडो लागला आणि जहाजाचा पुढचा भाग नाहीसाच झाला. उरलेला भाग आज साठ मीटरच्या आसपास तळावर उभा आहे.

हल्ल्यानंतर अमेरिकेने बेटं जिंकली नाहीत, वळसा घालून पुढे गेली. हजारो जपानी सैनिक तिथे अडकले. स्थानिकांच्या जमिनी आधीच गेल्या होत्या, आता अन्नही गेलं. बॉम्ब मात्र 1945 पर्यंत पडतच राहिले.

योगायोग असा की जहाजं बुडायच्या आदल्याच वर्षी, 1943 साली, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये नौदल अधिकारी कूस्तो आणि इंजिनियर गान्याँ यांनी श्वासाबरोबर हवा सोडणारा रेग्युलेटर बनवला. स्कूबा डायव्हिंग त्यातूनच फोफावलं. स्वतः कूस्तो 1969 मध्ये ट्रूकला आले आणि त्यांच्या चित्रीकरणामुळे ही जागा जगाला कळली. पण वाट दाखवणारा माणूस स्थानिकच होता. किमिउओ आइसेक यांनी किशोरवयात तो हल्ला डोळ्यांनी पाहिला होता. 1973 साली त्यांनी बेटावर डाइव्ह शॉप काढलं.

1975 मध्ये सागरी शास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल इथे आल्या. त्यांना हवी होती ती तारीख. एरवी प्रवाळ कधीपासून वाढतोय हे सांगणं अवघड. इथे लोखंड पाण्यात कधी गेलं ते दिवसासकट ठाऊक. ‘शिन्कोकू मारू’ तर आता जहाज कमी आणि बाग जास्त: मऊ प्रवाळ, समुद्रफुलं, त्यातून फिरणारे माशांचे थवे. आतल्या दवाखान्यात शस्त्रक्रियेचं टेबल आहे. त्यावर कुणीतरी गोळा करून ठेवलेली माणसाची हाडं आहेत.

ह्या हाडांचं काय करायचं, हा वाद जुना. 1980च्या दशकात जपानहून आलेल्यांनी ‘आइकोकू’सह काही जहाजांतले अवशेष वर काढून दहन केले, पण सगळे नव्हेत. जहाजातली वस्तू उचलायला कायद्याने बंदी आहे. तरी बरंच काही गेलं. दारूगोळ्यातली स्फोटकं काढून स्थानिकांनी मासेमारीचे बॉम्ब केले, त्यात प्रवाळही फुटला आणि माणसंही दगावली. उपाशी बेटावर हे घडणारच होतं, असं माझं मत.

मुद्दाम बुडवलेल्या जहाजाची गोष्ट वेगळी असते. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ 2025 मध्ये महाराष्ट्राने ताब्यात घेतली, ती सिंधुदुर्गात निवतीजवळ बुडवून पाण्याखालचं पर्यटन उभं करण्यासाठी. अशा जहाजातून आधी तेल, वायरी, अडकवणाऱ्या वस्तू काढतात. चूकची जहाजं होती तशी, भरल्या टाक्यांनिशी गेली. पत्रा ऐंशी वर्षं गंजतो आहे. ‘होयो मारू’ हे तेलवाहू जहाज तळाशी उलटं पडलंय, त्यातून 2008 मध्ये तेल झिरपताना दिसलं. अलीकडे जपानी डायव्हरांचं पथक येऊन जहाजांतलं तेल उपसू लागलंय, टाकीला भोक पाडून, नळी लावून, थोडं थोडं.