जिवाणू लावले म्हणून ज्वारी पाण्यावाचून येत नाही

रब्बीच्या पेरण्या जवळ आल्या की एक गोष्ट हमखास कानावर पडते: बियाण्याला जिवाणू संवर्धक (उपयुक्त जिवाणूंचं पाकिटात मिळणारं खत) चोळा, ते पाणी धरून ठेवतात, मग पाऊस नसला तरी चालतं. हे खरं नाही. जिवाणू पाणी तयार करत नाहीत. मालदांडी ही रब्बी ज्वारी येते ती काळ्या जमिनीत खोलवर मुरलेल्या ओलीवर, आणि ती ओलच नसेल तर कुठलंही पाकीट उपयोगाचं नाही.

मग ते करतात काय? ॲझोस्पिरिलम हा जिवाणू मुळांभोवती राहून ऑक्सिनसारखी संजीवकं, म्हणजे वाढ घडवणारी द्रव्यं, सोडतो. त्यानं आडवी मुळं आणि केसमुळं वाढतात आणि असलेली ओल जास्त जागेतून शोषली जाते. दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. पाण्याचा ताण बसला की रोपात इथिलीन हा वायुरूप संजीवक वाढतो आणि मुळांची वाढ थांबते. स्यूडोमोनास या जिवाणूच्या काही जाती इथिलीन ज्यापासून बनतो तो पदार्थच खाऊन टाकतात, त्यामुळे मूळ खाली जात राहतं. काही जिवाणूंच्या चिकट स्रावानं मुळाभोवतीची माती धरून राहते. यानं पीक थोडा जास्त काळ तग धरतं, इतकंच.

तेही जिवाणू जिवंत असतील तर. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक, गार केलेल्या गुळाच्या पाण्यातून हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. उन्हात तापलेलं किंवा मुदत संपलेलं पाकीट कृपा करून घेऊ नका.