शिडीची कितवी पायरी?

एक शिडी डोळ्यांसमोर आणा. तळाला शून्य, सगळ्यात वर दहा. वरची पायरी म्हणजे तुमच्या मते तुमच्या वाट्याला येऊ शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, तळ म्हणजे वाईटातलं वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?

दरवर्षी मार्चमध्ये ‘जगातले सर्वांत आनंदी देश’ अशी बातमी येते, ती या एका प्रश्नावर उभी असते. हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ही शिडी १९६५ साली मांडली. गॅलप ही संस्था जगभर फिरून हा प्रश्न विचारते. बहुतेक देशांत एका फेरीत साधारण हजार माणसांना. जागतिक आनंद अहवालातली क्रमवारी म्हणजे तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी, बाकी काही नाही. अहवालात उत्पन्न, निरोगी आयुर्मान, अडचणीत धावून येणारी माणसं, स्वातंत्र्य, औदार्य आणि भ्रष्टाचाराबद्दलची भावना अशा सहा घटकांचे रंगीत पट्टे दिसतात आणि पुष्कळांना वाटतं, या सहा विषयांचे गुण मिळवून नंबर लागतो. तसं नाही. नंबर शिडीवरून ठरतो. देशादेशांत फरक का पडतो याची उकल करण्यासाठी ते सहा घटक नंतर येतात. २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षं फिनलंड पहिला आला, पण ‘तुम्ही आनंदी आहात का’ असं त्या शिडीवर कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. फिनलंडची माणसं तर अबोल असतात, मग ती आनंदी कशी, हा दरवर्षीचा विनोद त्यामुळे जरा चुकीच्या दारावर टकटक करतो.

हजार माणसांवरून कोट्यवधींच्या देशाबद्दल बोलायचं, हे अनेकांना पटत नाही. गणिताला मात्र त्यात अडचण नाही. नमुना खरोखर यादृच्छिक असेल, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी माणसं निवडली असतील, तर हजार जणांत टक्केवारी साधारण तीन अंकांनी इकडेतिकडे होते, आणि देश लहान की अवाढव्य याने त्यात फारसा फरक पडत नाही. अडचण आहे ती ‘यादृच्छिक’ या शब्दात. पाहणी करणारा दारावरची बेल वाजवतो तेव्हा दार कोण उघडतं? दिवसभर घरी असणारं माणूस. त्यालाच विचारत गेलो तर नोकरदार, तरुण, सतत बाहेर असणारे गळतात. म्हणून संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये एक तक्ता सुचवला: घरातल्या सगळ्या प्रौढांची वय आणि लिंगाप्रमाणे यादी करायची आणि आधीच छापलेला तक्ता ज्याच्यावर बोट ठेवेल त्यालाच विचारायचं. तो माणूस घरी नसेल तर परत यायचं. घरातला वडीलधारा पुढे होऊन ‘त्याला काय विचारता, मी सांगतो’ म्हणाला, तरी नाही.

बरं, माणूस योग्य निवडला. पण त्याने ‘सहा’ म्हटलं, त्याला अर्थ काय? माझा सहा आणि तुमचा सहा एकच कशावरून?

हा आक्षेप रास्त आहे. तरीही हे आकडे हवेतले नाहीत, हे पटवणारा सगळ्यात चांगला पुरावा एकाच माणसाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या पाहण्यांतून येतो. जर्मनीत १९८४ पासून त्याच त्या कुटुंबांना दरवर्षी आयुष्याबद्दलचं समाधान विचारलं जातं. तिथे माणसाची तुलना स्वतःशीच होते, त्यामुळे ‘तुझा सहा, माझा सहा’ हा घोळ बराच मिटतो. जोडीदाराच्या मृत्यूनंतर आकडा कोसळतो आणि काही वर्षांत हळूहळू सावरतो. नोकरी गेली तरी कोसळतो, पण पुन्हा काम मिळाल्यावरही सरासरीने तो पहिल्या जागी पूर्ण परतत नाही. शिवाय ही घसरण बुडालेल्या पगाराच्या हिशेबात बसत नाही, त्याहून बरीच मोठी असते. निव्वळ उत्पन्नाचे तक्ते पाहून हे कधीच कळलं नसतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं समर्थन करायला एवढा एक निष्कर्ष पुरे आहे.

आता उलट बाजू. २००८ मध्ये गॅलपने अमेरिकेत रोज हजार लोकांना फोन करून ही शिडी विचारायला सुरुवात केली. त्याच वर्षी आर्थिक संकट आलं. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी ही रोजची आकडेवारी तपासली, तेव्हा त्यांना काही उड्या अशा दिसल्या की ज्यांचा बाजाराशी संबंध लागेना. शोध घेतल्यावर कारण प्रश्नावलीतच सापडलं. काही लोकांना शिडीच्या आधी राजकारणावरचे प्रश्न विचारले जात होते. देश योग्य दिशेने चालला आहे का, याचा विचार करून माणूस आधीच वैतागलेला, आणि लगेच ‘आता तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर?’ त्या गटाची सरासरी अर्ध्या पायरीहून जास्त खाली गेली होती. वजनकाट्यावर चढण्याआधी कुणी काय बोललं यावर वजन बदलावं, तसला हा प्रकार. मधे एक साधा सांधा टाकला, म्हणजे ‘आता जरा तुमच्या स्वतःच्या आयुष्याविषयी’ अशा अर्थाचा प्रश्न, तेव्हा परिणाम बराचसा ओसरला. शेकडो कोटींच्या धोरणांवर बोलताना ज्या दशांशांचे दाखले दिले जातात, ते दशांश प्रश्नांच्या क्रमाने हलतात, हे विसरून चालत नाही.

शिडीच्या चित्रावरही शंका आहे. ब्रिटनमधल्या लोकांवर केलेला एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिडी म्हटली की लोकांच्या मनात पैसा आणि सत्ता येते. शिडीचं चित्र काढून प्रश्न साधेपणाने विचारला की या गोष्टी मागे पडतात, असं त्यात दिसलं. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०११ पासून चार वेगळे प्रश्न घेतले, ते मला अधिक समंजस वाटतात: एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, जे करता ते कितपत सार्थ वाटतं, काल किती आनंदी होता, काल किती चिंतेत होता. ‘काल’ हा शब्द मुद्दाम आहे. एकूण आयुष्याचा निवाडा आणि दिवसभराची मनःस्थिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन आयुष्यभर हेच सांगत राहिले. लहान मुलं असलेल्या आईबापांना विचारून पाहा. दिवस कसा गेला म्हटलं तर एक उत्तर येईल, आयुष्य कसं चाललंय म्हटलं तर दुसरंच.

इथवरचं बहुतेक काम सोडवता येण्याजोगं आहे. खरी कसोटी स्वातंत्र्यापाशी लागते.

गॅलपचा प्रश्न असा: तुमच्या देशात, आयुष्यात काय करायचं ते निवडण्याचं जे स्वातंत्र्य तुम्हाला आहे, त्याबद्दल तुम्ही समाधानी आहात की असमाधानी? १९८१ पासून चालत आलेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात हेच एक ते दहाच्या पट्टीवर विचारतात: तुमच्या आयुष्यात निवडीचं आणि नियंत्रणाचं किती स्वातंत्र्य आहे असं वाटतं? उत्तरं मोठी कुतूहलाची आहेत. अलीकडच्या वर्षांत उझबेकिस्तान आणि कंबोडियात ‘समाधानी’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांच्या रांगेत बसतं. फ्रीडम हाऊस या संस्थेच्या प्रतवारीत मात्र हे दोन्ही देश ‘स्वतंत्र नाहीत’ या गटात आहेत.

लोक खोटं बोलतात, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. काही वेळा ते खरंही असेल. पण प्रश्न विचारला आहे तो समाधानाचा, आणि समाधान अपेक्षेवर अवलंबून असतं. अमर्त्य सेन यांनी हा मुद्दा ज्या आकड्यांनी मांडला, ते आजही अस्वस्थ करतात. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची पाहणी झाली. तब्येत बरी नाही किंवा यथातथाच आहे, असं विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी सांगितलं. विधवांपैकी तसं म्हणणाऱ्या होत्या अवघ्या २.५ टक्के. त्या काळातल्या विधवांची स्थिती पुरुषांहून बरी होती, असं कोणताही डॉक्टर म्हणाला नसता. ‘यथातथा’ या एका पर्यायापुरतं पाहिलं तर विधवांचा आकडा शून्य होता. तक्रार करण्याजोगं आपलं काही आहे, हेच ज्या माणसाला कधी कुणी जाणवू दिलेलं नाही, त्याला समाधान विचारून काय हाती लागणार?

यावर एक हुशार उपाय राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडला. सरकारने तुमच्या प्रश्नांकडे लक्ष द्यावं यासाठी तुमच्या म्हणण्याला किती वजन आहे, असं त्यांनी चीन आणि मेक्सिकोत विचारलं. सरळ उत्तरांत चिनी नागरिक मेक्सिकोच्या नागरिकांपेक्षा स्वतःला अधिक वजनदार समजत होते. मेक्सिकोत तेव्हा नुकतीच, २००० साली, एकाच पक्षाची सात दशकांची सत्ता मतपेटीतून उलथली होती, म्हणजे निष्कर्ष सरळसरळ उफराटा. मग संशोधकांनी काही काल्पनिक माणसांच्या छोट्या गोष्टी वाचून दाखवल्या. एकाला प्यायला स्वच्छ पाणी नाही; त्याला परिस्थिती बदलायची आहे, पण मत देता येत नाही, सरकारात कुणाला फिकीर नाही, तेव्हा तो मुकाट सोसतो. दुसऱ्या एका बाईची पाण्याची तीच अडचण, पण ती शेजाऱ्यांसोबत विरोधी उमेदवाराचा प्रचार करते. या माणसांच्या म्हणण्याला किती वजन आहे, ते तुम्हीच सांगा. आता प्रत्येकाची स्वतःची फूटपट्टी उघडी पडली. मुकाट सोसणाऱ्याच्याही खाली स्वतःला ठेवणारे चिनी उत्तरदाते ४० टक्क्यांहून अधिक निघाले, आणि दोन देशांचा क्रम उलटला. विचारलेलं तेच होतं, माणसंही तीच होती. उत्तर कशाच्या तुलनेत आहे, एवढंच काय ते नव्याने कळलं होतं.

दुसरा मार्ग म्हणजे ‘वाटतं’ सोडून ‘घडतं’ विचारायचं. १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत झालेल्या लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणांत स्त्रियांना ‘तुम्ही स्वतंत्र आहात का’ असं विचारत बसत नाहीत. तुमच्या स्वतःच्या औषधोपचाराचं कोण ठरवतं? घरातल्या मोठ्या खरेदीचं? नातलगांकडे जायचं कोण ठरवतं? पर्याय: तुम्ही, नवरा, दोघं मिळून, दुसरं कुणी. याच प्रश्नावलीत मला सगळ्यात आवडणारी जागा एक रकाना आहे, जो उत्तर देणाऱ्या बाईला वाचून दाखवतच नाहीत. हे प्रश्न विचारताना तिथे कोण होतं, हे मुलाखत घेणारी त्यात भरते: नवरा, इतर पुरुष, इतर बायका, लहान मुलं, आणि प्रत्येकापुढे तीन पर्याय, हजर आणि ऐकत होता, हजर पण ऐकत नव्हता, हजर नव्हता. कितीएक संख्याशास्त्रीय सूत्रांपेक्षा या रकान्यात अधिक शहाणपण आहे. जिथे नवरा-बायकोला स्वतंत्रपणे विचारलं जातं, तिथे ‘कोण ठरवतं’ यावर एकाच घरातून दोन वेगळी उत्तरं येणं ही नित्याची बाब आहे. कोणतं खरं धरायचं, यावर संशोधकांचं एकमत नाही.

नवऱ्याऐवजी सरकार ऐकत असेल तर? काही देशांत काही प्रश्न विचारायलाच मिळत नाहीत आणि तक्त्यात ती जागा कोरी राहते. जिथे विचारता येतं तिथे उत्तर लपवूनही आकडा मिळवण्याची युक्ती आहे. तिचा उगमही १९६५ मधला, स्टॅन्ली वॉर्नर यांचा. त्याचं आज रुळलेलं सोपं रूप असं. मुलाखत घेणाऱ्याला न दाखवता नाणं उडवा. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणा. काटा पडला तर खरं सांगा. समजा हजारात ६२० जण ‘हो’ म्हणाले. सुमारे ५०० छाप्याचे. उरलेल्या ५०० पैकी १२० म्हणजे २४ टक्के खरोखरचे ‘हो’. एखाद्याचं ‘हो’ खरं की नाण्याचं, हे कुणालाही, अगदी पोलिसांनाही, सांगता येत नाही. किंमत मात्र मोजावी लागते: थेट प्रश्नाइतकीच अचूकता हवी तर या उदाहरणात पाचपट माणसं लागतील. शिवाय घाबरलेला माणूस छापा पडल्यावरही ‘नाही’ म्हणतो, तो वेगळाच.

अशाच दुसऱ्या आडवळणाच्या पद्धतीने २०१५ मध्ये रशियात पुतिन यांचा पाठिंबा मोजला गेला. निम्म्यांना काही नेत्यांची नावं दाखवली, उरलेल्यांना तीच नावं अधिक पुतिन. कोण आवडतं ते न सांगता यातले किती आवडतात, एवढीच संख्या सांगायची. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पुतिन यांचा पाठिंबा. अनेकांची अपेक्षा होती की भीतीचा मुलामा उतरला की पाठिंबा ढासळेल. तो जेमतेम दहा टक्के गुणांच्या आत घटला आणि ८० टक्क्यांच्या आसपास राहिला. भीती हे हुकमी स्पष्टीकरण नसतं, हेही मोजल्याशिवाय कळत नाही.

मग लोकांना विचारण्यापेक्षा जाणकारांनाच गुण देऊ द्यावेत का? फ्रीडम हाऊस तेच करतं, शंभरपैकी: ४० राजकीय हक्कांना, ६० नागरी स्वातंत्र्यांना. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातून चालणारा, देशोदेशीची लोकशाही मोजणारा व्ही-डेम प्रकल्पही जगभरातल्या हजारो अभ्यासकांकडून उत्तरं घेतो. पण अभ्यासकांतही हात सैल सोडणारे असतात आणि हात आखडणारे असतात. एकाला जे ‘बऱ्यापैकी स्वतंत्र’ वाटतं त्यावर दुसरा नाक मुरडतो. त्यामुळे व्ही-डेमने तज्ज्ञांनाही आता काल्पनिक देशांचे छोटे प्रसंग द्यायला सुरुवात केली आहे आणि त्यांवर त्यांनी दिलेल्या गुणांवरून खऱ्या देशांचे गुण जुळवून घेतले जातात.