दूरचा डोंगर फिकाच राहू द्या

सकाळच्या उजेडात एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगररांगांचा फोटो एडिट करायला घेतला की बहुतेकांचा हात आधी डीहेझच्या, म्हणजे धुरकटपणा कमी करणाऱ्या साधनाच्या, स्लायडरकडे जातो. तो उजवीकडे सरकवला की फोटो क्षणात स्वच्छ दिसतो, पण सपाटही होतो. मागची रांग पुढच्या रांगेइतकीच गडद दिसू लागते आणि मधलं कित्येक किलोमीटरचं अंतर पुसलं जातं. असं का होतं हे कळायला डोंगरांपेक्षा त्यांच्या मधल्या हवेकडे बघावं लागतं.

ही हवा एकाच वेळी दोन गोष्टी करते. डोंगराकडून निघालेला प्रकाश वाटेत कमी कमी होत जातो, आणि हवेतल्या कणांवरून विखुरलेला सूर्यप्रकाश त्याच वाटेने कॅमेऱ्यात शिरतो. कॉश्मीडर या जर्मन शास्त्रज्ञाने 1924 मध्ये याचं गणित मांडलं. समजा, दर 5 किलोमीटरला डोंगराचा निम्मा प्रकाश गळतो. डोंगर जवळजवळ काळा आणि क्षितिजालगतच्या आकाशाचा उजळपणा 100 धरला, तर 5 किलोमीटरवरची रांग 50 इतकी उजळ दिसेल, 10 वरची 75, 15 वरची 87.5 आणि 20 वरची जवळपास 94. अंतर प्रत्येक वेळी सारखंच वाढलं, तरी उजळपणातली पायरी दर वेळी निम्मी झाली. आकाश 255 वर ठेवून जेपेगच्या 0 ते 255 च्या नेहमीच्या मोजपट्टीवर (ती सरळ प्रमाणात चालत नाही) हेच आकडे मांडले, तर ते साधारण 188, 225, 240 आणि 248 येतात. शेवटच्या दोन रांगांमध्ये जेमतेम आठ छटांचा फरक!

एडिटिंगचा खरा प्रश्न इथे आहे. धुरकटपणा हा दोष नाही, तीच या फोटोतली अंतराची खूण आहे. तो काढायचा नसतो. मागच्या रांगांच्या आक्रसलेल्या पायऱ्या डोळ्यांना दिसतील इतपत मोकळ्या करायच्या असतात.

म्हणून सवयीने लावला जाणारा एस आकाराचा कर्व्ह (कोणती छटा किती उजळ दिसावी हे ठरवणारी रेषा) या फोटोला घातक ठरतो. तो मधल्या छटा ताणतो आणि दोन्ही टोकं दाबतो, आणि आपल्या दूरच्या रांगा तर नेमक्या उजळ टोकाला दाटीवाटीने बसलेल्या असतात. इथे उलटं करावं. हायलाइट्स, म्हणजे सर्वांत उजळ छटा, आधी थोडे खाली आणावेत आणि कर्व्हचा वरचा भाग जास्त उभा करावा. जवळची रांग गडद छायाकृतीसारखी राहिली तरी बिघडत नाही. शॅडोज, म्हणजे गडद छटा, उचलून तिच्यातलं एकेक झाड दाखवायचा हट्ट मला पटत नाही, कारण त्या काळोखावरच मागचा सगळा उजेड तोलून धरलेला असतो.

या कामाला रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, हवीच. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384 पातळ्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या, म्हणजे 8,192, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या (प्रकाश दुप्पट होण्याच्या एका टप्प्याच्या) वाट्याला येतात. एक्स्पोजर देताना आकाश जळू (पूर्ण पांढरं होऊ) दिलं नसेल, तर दूरच्या रांगांची माहिती तिथे भरपूर साठलेली असते. जेपेगमध्ये मात्र त्या आठ छटा ताणल्या की सलग उतरणीऐवजी पट्टे दिसू लागतात.

डीहेझसारखी साधनं धुरकटपणा ओळखतात कशी, तेही रंजक आहे. 2009 मध्ये कायमिंग हे (Kaiming He) या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण मांडलं: स्वच्छ हवेतल्या बाहेरच्या दृश्याचे छोटे तुकडे पाडले, तर आकाश सोडून जवळजवळ प्रत्येक तुकड्यात लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एक तरी घटक कुठेतरी अगदी कमी असतो. तो कमी नसेल तर तिथे हवेचा प्रकाश मिसळला आहे, आणि जितका जास्त मिसळला तितका तो भाग दूर. म्हणजे अशा पद्धतीला धुरकटपणातून अंतराचा अंदाज येतो, आणि मग ती तो धुरकटपणाच वजा करते. वर, 15 किलोमीटरवरच्या रांगेचा मूळ प्रकाश आठव्या भागाइतकाच उरलेला असतो. तो आठपट वाढवला की नॉइजही (फोटोतले नको असलेले ठिपकेही) आठपट वाढतो. डीहेझ वापरायचंच असेल तर पुढच्या एकदोन रांगांवर आणि हलक्या हाताने.

त्यासाठी मास्क, म्हणजे बदल फोटोच्या ठरावीक भागापुरता ठेवणारी निवड, हाताने रंगवत बसायची गरज नाही. इथे अंतराचा क्रम हाच उजळपणाचा क्रम असल्याने उजळपणावर आधारलेला मास्क रांगा बऱ्यापैकी नेमक्या वेगळ्या काढतो. एका रांगेवर काम करताना तिचा माथा गडद आणि पायथा फिका ठेवा. रात्री थंड, जड हवा दरीत साचते आणि सकाळी दमट धुकं खालीच रेंगाळतं, म्हणून निसर्गातही असंच दिसतं. पुढच्या रांगेचा गडद माथा मागच्या रांगेच्या फिक्या पायथ्याला भिडतो, आणि अशा कडेवरचा फरक आपला डोळा स्वतःच वाढवून बघतो. त्यावर क्लॅरिटीचा (कडांचा उठाव वाढवणाऱ्या साधनाचा) मारा केला की कडेला पांढरी झालर उमटते.

आता रंग. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये या विकिरणाचा नियम मांडला. त्यामुळे सूर्याकडे पाठ असेल तर गडद डोंगर दूर जातील तसे निळसर होतात. सूर्य समोर असेल तर गोष्ट बदलते. धुक्याचे थेंब रेणूंपेक्षा खूप मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच आणि मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. उगवतीचा सूर्यप्रकाश लांबच्या वाटेत निळा गमावून आधीच सोनेरी झालेला असतो, म्हणून दरीतलं धुकंही सोनेरी दिसतं. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी सोय, हा पिवळेपणा चूक समजून कमी करू पाहतो. ती बंद करून रंगतापमान 5,500 केल्विनच्या आसपास ठेवून सुरुवात करा. सावल्यांतला निळा आणि उजेडातला सोनेरी रंग दोन्ही आपसूक जागेवर येतात.

शेवटी फाइल 8 बिटमध्ये निर्यात करण्याआधी आकाशाकडे 100 टक्के आकारात एकदा बघा. पट्टे दिसत असतील तर किंचित ग्रेन (बारीक दाणेदारपणा) मिसळा, ते मोडतात.