प्रसूतीतील नसेच्या इजेनंतरची हातदुखी आणि स्नायू फडफडणे

प्रसूतीच्या वेळी बाळाच्या मानेतून हातात जाणाऱ्या नसांना ओढ बसून झालेली इजा पुरती भरून आली नाही, तर मोठेपणी तो हात दुखू लागतो आणि खांदा, दंड किंवा बोटांतले स्नायू आपोआप उडतात. या दोन्ही तक्रारींची कारणे आणि त्यांवरचे उपाय या नोंदीत दिले आहेत. राहणीची उदाहरणे ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली आहेत, विशेषतः १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या लष्कर भागातली.

मानेतल्या पाचव्या ते आठव्या आणि छातीतल्या पहिल्या मज्जामुळांपासून (पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून नसा जिथे फुटतात त्या जागांपासून) निघालेल्या नसांच्या जाळ्याला डॉक्टर ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. डोके बाहेर आले आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकला, की हे जाळे ताणले जाते. बाळ चार किलोंहून जड असणे, आईला मधुमेह असणे किंवा बाळ बाहेर काढायला चिमटा लावावा लागणे यांमुळे हा धोका वाढतो. अशी कोणतीही जोखीम नसतानाही इजा झालेली आढळते. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांत ती दिसते, उजव्या बाजूला अधिक. फ्रान्समधील द्युशेन यांनी १८७२ मध्ये आणि जर्मनीतील अर्ब यांनी १८७४ मध्ये वरच्या मुळांच्या इजेचे वर्णन केले. तिला आजही अर्ब्ज पाल्सी म्हणतात. खालच्या मुळांच्या इजेला १८८५ मध्ये तिचे वर्णन करणाऱ्या ऑगस्टा क्लुम्पके यांचे नाव मिळाले. बहुतेक बाळांचा हात पहिल्या काही महिन्यांत सुधारतो. पुढचा सगळा मजकूर उरलेल्यांसाठी आहे.

तुटलेली नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. वाढताना तिचे धागे जुन्याच वाटेने जातात असे नाही. दंडाच्या पुढच्या स्नायूकडे जायचा धागा मागच्या स्नायूत शिरला, की कोपर वाकवताना दोन्ही स्नायू एकदम ओढतात आणि हात जागीच अडतो. घास तोंडाशी नेताना कोपर बाहेरच्या बाजूला वर उचलले जाते, ते खांदा बाहेर वळत नसल्यामुळे. पंगतीत शेजारच्याला ते खुपते आणि ‘नीट जेव’ असे ऐकावे लागते. शिवाय वाचलेल्या थोड्या धाग्यांना पुष्कळ स्नायूतंतू सांभाळावे लागतात. असा एकच धागा उगीच चेतला तरी मोठा गट आकसतो आणि कातडीखालची हालचाल डोळ्यांना दिसते. दमल्यावर, जागरणानंतर, थंडीत किंवा चहा जास्त झाल्यावर हे फडफडणे वाढते. उजवा बाहू स्फुरणे हा पुरुषाला शुभशकुन मानला जातो. रोज संध्याकाळी स्फुरणाऱ्या बाहूपुढे मात्र शकुनाची पोथी हात टेकते.

यातला सर्वांत विलक्षण प्रकार श्वासाशी जोडलेला असतो. श्वासपटलाची नस मानेत या जाळ्याच्या अगदी शेजारून जाते. तिचे धागे चुकून हाताच्या नसेत शिरले, की खोल श्वासासरशी दंडाचा स्नायू किंवा बोटे हलतात. ख्यालगायकीच्या या गावात तानेपूर्वी दीर्घ श्वास घेताना कुणाचा दंड उडाला, तर तो घाबरटपणा समजू नये. हे धोक्याचे नसते आणि याला औषधही लागत नाही.

दुखण्याचे मात्र प्रकार वेगळे केल्याशिवाय उपाय सापडत नाही. नसेचे दुखणे जळजळ, मुंग्या किंवा विजेच्या झटक्यासारखे असते, बहुधा रात्री वाढते आणि हात हलवला न हलवला तरी येते. लहानपणापासून वाकडा वाढलेला खांद्याचा सांधा तिशी-चाळिशीत झिजू लागतो. ते दुखणे हालचालीबरोबर येते. तिसरे दुखणे अतिश्रमाचे: मान, पाठ आणि मुख्य म्हणजे चांगला हात. दोन्ही हातांचे काम एकट्याने केल्यामुळे चांगल्या हाताच्या मनगटातली नस दबते आणि बोटे बधिर होतात. घरच्यांचे लक्ष अधू हाताकडे असते, त्यामुळे ही तक्रार उशिराच डॉक्टरांपर्यंत पोचते.

ग्वाल्हेरची थंडी या हाताला सोसत नाही. जानेवारीत दाट धुके असते आणि रात्रीचे तापमान ५-६ अंशांपर्यंत उतरते. इजा झालेल्या हातात रक्तपुरवठ्याचे नियमन कमी पडते, म्हणून तो आधी गार पडतो आणि कडक होतो. लोकरी बाही आणि हातमोजा सकाळी उठल्याबरोबर घालावा. हात गारठल्यावर घातला तर फारसा उपयोग नाही. शेकायला हरकत नाही, पण ज्या भागात संवेदना कमी आहे तो शेगडीजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवण्याआधी दुसऱ्या हाताने ऊब पाहावी, कारण भाजल्याचे कळत नाही. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट खांद्यावर घेऊन झोपण्याने अनेकांचा खांदा सकाळी आखडतो.

व्यायामाची योग्य वेळ अंघोळीनंतरची. उताणे झोपून दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवावीत, लाटण्याची दोन टोके दोन हातांत धरावीत आणि चांगल्या हाताने लाटणे ढकलत अधू हात बाहेरच्या बाजूला वळवावा. ताण जाणवेल तिथे अर्धा मिनिट थांबावे, कळ येईल इतके ढकलू नये. वेणी घालायला किंवा अंबाडा बांधायला हीच हालचाल लागते आणि अर्ब्ज पाल्सीत नेमकी हीच जाते. कणीक मळणे, इस्त्री, पेटीचा भाता मारणे अशी एकसुरी कामे तुकड्या-तुकड्यांनी करावीत. स्नायू फडफडायला लागला, की तो दमला असे समजून थांबावे. नैवेद्य दाखवायला किंवा जेवायला डावा हात वापरण्यावरून घरात वाद होतात. दुखऱ्या उजव्या हाताचा हट्ट सोडणे हा इथे उपचाराचाच भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत आणखी एक सांगणे आहे: मालिश करणाऱ्या बाईने इजा झालेल्या हाताला धरून बाळाला उचलू किंवा झुलवू नये.

औषधांत डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सांध्याच्या दुखण्यावर चालतात, नसेच्या दुखण्यावर जवळजवळ नाहीत. तरी मेडिकलच्या दुकानातून त्याच सर्वाधिक आणल्या जातात. नसेसाठी गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा रात्री थोड्या मात्रेत अमिट्रिप्टिलिन देतात. यांनी झोप आणि चक्कर येऊ शकते, आणि ही औषधे मनाने एकदम बंद करायची नसतात. बी-१२ ची इंजेक्शने कमतरता असेल तरच कामाची. दोन स्नायूंची ओढाताण फार असेल, तर बोटुलिनम टॉक्सिन टोचून एकाला तीन-चार महिने ढिले करतात आणि तेवढ्या काळात व्यायामाने दुसऱ्याला तयार करतात.

नस जोडण्याची शस्त्रक्रिया बाळपणीच, साधारण तीन ते नऊ महिन्यांच्या वयात फळते. पुढे स्नायूबंध हलवणे किंवा दंडाचे हाड कापून फिरवणे हे पर्याय राहतात. त्यांनी हाताची पोच वाढते, जळजळ मात्र हटेलच असे नाही. ग्वाल्हेरमध्ये तपासणीची सुरुवात १९४६ मध्ये सुरू झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न जयारोग्य रुग्णालयात करता येते. नसेच्या बारीक शस्त्रक्रियेसाठी सुमारे ३०० किलोमीटरवरची दिल्ली गाठण्याचा पर्याय असतो.

जुनी इजा स्वतःहून पसरत नाही. म्हणून हाताची ताकद नव्याने घटली, स्नायू वाळू लागला, फडफड दुसऱ्या हातापायांत किंवा जिभेत दिसली, अथवा चालताना तोल जाऊ लागला, तर जन्मापासूनचेच आहे म्हणून सोडून न देता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. मानेचा एमआरआय आणि स्नायू आणि नसांतले विजेचे संकेत मोजणारी ईएमजी-एनसीव्ही तपासणी यातून नवे कारण कळते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ही इजा चलनविषयक, म्हणजे हालचालीच्या, दिव्यांगत्वात मोडते आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास आरक्षणासारख्या सवलती लागू होतात. टक्केवारी मुख्यतः सांध्यांची हालचाल, ताकद आणि हातांचा मेळ पाहून ठरते. त्यामुळे वैद्यकीय मंडळापुढे जाताना वेणी, शर्टाची बटणे, पाण्याने भरलेला तांब्या उचलणे यांपैकी काय जमत नाही ते लिहून न्यावे.