थरच्या धोऱ्यांचे वय आणि ‘सक्रिय’ या शब्दाचा गुंता

राजस्थानात ज्यांना धोरा म्हणतात, त्या थरच्या वाळवंटातील वाळूच्या टेकड्या अतिशुष्क काळात रचल्या गेल्या असणार, हे गृहीतक दीर्घकाळ निर्वेध चालले. ते तपासणार तरी कसे? वाळूत वय काढण्याच्या कार्बन पद्धतीला लागणारे सेंद्रिय अवशेष क्वचितच टिकतात आणि तिच्यातील चुनखडीच्या गोळ्यांत वेगवेगळ्या काळातला कार्बन मिसळलेला असतो. म्हणून १९७०च्या दशकात सांभर, डिडवाना आणि लूणकरणसर येथील खाऱ्या सरोवरांतल्या परागकणांवरून हवामानाचा जो इतिहास मांडला गेला, त्याच्याच चौकटीत टेकड्याही बसवल्या गेल्या.

ल्युमिनेसन्स कालमापनाने चित्र बदलले. गाडल्या गेलेल्या क्वार्ट्झच्या कणात आसपासच्या किरणोत्सारामुळे ऊर्जा साठत जाते आणि सूर्यप्रकाशात ती पुसली जाते. त्यामुळे कण शेवटचा केव्हा झाकला गेला, हे मोजता येते. ही साठलेली ऊर्जा मोजण्यासाठी कणाला उष्णतेऐवजी प्रकाशाने उद्दीपित करण्याची पद्धत १९८५मध्ये पुढे आल्यावर कोवळ्या वाळूचेही वय बऱ्यापैकी अचूक निघू लागले.

इथेच ‘सक्रिय’ या शब्दाने घोळ घातला. टेकडी ‘सक्रिय’ होती, म्हणजे तिच्यावर वाळू साचत होती, की फक्त हवामान शुष्क होते? सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या शिखरावर, मान्सून दुबळा आणि प्रदेश कोरडा असूनही थरमध्ये त्या काळातली वाळू फारच थोडी सापडते. जाड थर आढळतात ते त्यानंतरचे, मान्सून पुन्हा जोर धरत असतानाचे. यावर एका बाजूचे म्हणणे असे की थरमध्ये वाळू वाहून नेतो तो नैर्ऋत्य मान्सूनचाच वारा. तो मंदावला की दुष्काळ पडला तरी टेकडी वाढत नाही, आणि तो वाढला पण झाडोरा अजून रुजलेला नसला की ती झपाट्याने वाढते. दुसरी बाजू विचारते की हिमयुगात वाळू साचलीच नाही, की साचलेली पुढच्या वाऱ्याने उपसून नेली आणि कणांचे घड्याळ पुन्हा शून्यावर आणले? मला पहिली मांडणी अधिक पटते, कारण इथल्या बहुसंख्य अन्वस्ताकार (इंग्रजी U सारख्या आकाराच्या) टेकड्यांची दिशा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे आहे. तरीही दुसऱ्या आक्षेपाचे वजन कमी होत नाही. जी तारीख हाती येते ती वाळूचा थर गाडला गेल्याची असते, आणि अहवालांत मात्र तीच ‘शुष्क कालखंड’ म्हणून नोंदवली जाते.

अलीकडच्या काही शतकांतील वरच्या थरांबाबत तर चराई आणि नांगरट यांचा हात हवामानापासून वेगळा काढणे आणखी अवघड आहे.